गोदानं त्रेचाळीस वेळा सांगितलं

माझ्या तोंडात आता चार दात उरलेत. त्या चारही दातांची शपथ घेऊन, घसा फोडून सांगते, ही गोष्ट खरी आहे! शब्द न् शब्द खरी! मध्येच कुणी "काहीतरीच हं आजी" म्हणालं, तर त्यानं उठायचं आणि बाहेर जाऊन शेळ्या मोजायच्या. आता, ही गोष्ट घडायला अजून चाळीस वर्षं आहेत, हा एक किरकोळ मुद्दा. अजून घडली नाही म्हणून ती खोटी, असं कुठल्या शहाण्यानं सांगितलंय? आणि मी आपली 'होतं', 'गेलं' असंच सांगणार. 'असेल', 'जाईल' करत बसले तर चार दातांवर भार पडतो.

तर सोनखार नावाचं गाव होतं, खाडीच्या काठाला. समुद्र तोवर हातभर वर आलेला. गाव आणि खाडी यांच्या मध्ये मातीचा एक लांबलचक बांध. तो होता म्हणून गाव होतं. बांधाला दोन उघाड्या होत्या. उघाडी (बांधातलं पाण्याचं दार) ओहोटीला उघडायची, म्हणजे शेतातलं पाणी खाडीत जायचं. भरती लागली की बंद करायची, म्हणजे खाडी गावात शिरायची नाही. दार उचलायला पलीकडे भलं मोठं वजन टांगलेलं आणि दार खाली धरून ठेवायला लोखंडी खटका. बांधावरच्या केबिनमध्ये बटण दाबलं की खटका सुटायचा, वजन खाली, दार वर.

गावात गोदा राहायची. गोदावरी अर्णव म्हात्रे, वय वर्षं दहा. तेव्हा जुनी नावं परत आली होती आणि म्हाताऱ्यांची नावं श्रेया, सायली अशी असायची. हसताय काय? तुमच्या वर्गातल्या सगळ्या सायल्या एक दिवस आज्याच होणार आहेत.

गोदाची आई ती तान्ही असतानाच गेली होती. घरात तिचा बाप अर्णव, बापाची आई श्रेया, जिला सगळे बय म्हणायचे, आणि गोदा. एवढंच घर. आणि भाद्रपदातल्या उधाणाच्या दिवशी त्यातलाही एक माणूस कमी झाला.

झालं ते असं. सकाळी अर्णव गोदाला घेऊन बांधावर गेला. उघाडीच्या आतल्या बाजूला, पाण्याच्या नाळेत, फाटकं जाळं अडकलं होतं. ते कापायला तो खाली उतरला. दार बंद होतं. बाहेर भरती चढत होती, माणसाच्या डोक्याच्या वर. आणि दार उघडलं.

अर्णव दुसऱ्या दिवशी ओहोटीला सापडला.

मग दारात माणसं येऊ लागली. समाचाराला. कुणाच्या घरी माणूस गेलं की गाव येतं, चटईवर बसतं, हळूच म्हणतं, "कसं झालं गं?" विचारायचंच असतं, नाही विचारलं तर माणुसकी नाही असं वाटतं. आणि घरच्यांनी सांगायचं. पुन्हा कुणी आलं की पुन्हा सांगायचं. बांधावर त्या वेळी एकटी गोदाच होती, त्यामुळे सांगायचं काम तिचं. चटईच्या कडेला मांडी घालून ती सांगायची. बय भिंतीला टेकून ऐकायची.

पाणी द्यायला पाणक्या होता. पाणक्या म्हणजे गावकीचा यंत्रमानव. पूर्वी कशी गावकीची भांडी आणि सतरंज्या असायच्या, लग्न असो की मयत, ज्याच्या घरी गरज त्याच्या घरी जायच्या, तसा हा. कमरेएवढा उंच, हातात तांब्या, चालताना एका चाकाचा कुईकुई आवाज. घरी कोण आलं, कोण काय बोललं, सगळं तो नोंदून ठेवायचा, कारण पुढे त्या त्या माणसाच्या सुखदुःखाला आपल्याला जायचं असतं ना!

बाराव्या दिवशी दुपारी पलीकडच्या पाड्यातल्या दोघी आल्या. गोदा सांगायला लागली. आता तिला विचार करावा लागत नव्हता. पाढे म्हटल्यासारखं यायचं.

"बाबा नाळेत उतरले. मी बघतच होते. केबिनमध्ये तेजसकाका होते. पिवळा रेनकोट घातलेला. त्यांनी बटण दाबलं. दार वर गेलं. बाबांनी वळून माझ्याकडे बघितलं, हात केला, आणि मग पाणी आलं."

बायकांनी पदर डोळ्यांना लावला. "हात केला गं पोरानं," एक म्हणाली. बयनं मान हलवली. बारा दिवसांत बय जेवढी जेवली असेल ती त्या एका वाक्याच्या जोरावर.

बायका गेल्या. पाणक्या कुईकुई करत पेले गोळा करायला आला आणि म्हणाला, "त्रेचाळिसावी नोंद पूर्ण. गोदा, एक शंका आहे. पहिल्या नोंदीत पिवळा रेनकोट नाही."

"काय?"

"पहिल्या नोंदीत केबिन नाही. तेजसकाका नाहीत. पहिली नोंद आणि त्रेचाळिसावी नोंद जुळत नाहीत. खरी कोणती?"

गोदा उसळली. "मी खोटं बोलते? मी पाहिलंय! माझ्या ह्या डोळ्यांनी! आत्ता डोळे मिटले तरी तो रेनकोट दिसतो मला. तूच बिघडलायस, डबड्या."

"मी बिघडलेलो नाही," पाणक्या म्हणाला. "चाक सोडून."

आता पंचाईत बघा. पाणक्याला खोटं बोलता येत नव्हतं, तशी सोयच नव्हती त्याच्यात. आणि गोदा खोटं बोलत नव्हती. मग दोघांचं जुळत का नव्हतं?

आणि हे कोडं सोडवायला दोनच दिवस होते. तेजस ठाकूर हा उघाडीवाला. त्या दिवशी पाळी त्याचीच. तो म्हणत होता, मी दुसऱ्या उघाडीवर गेलो होतो, इथे नव्हतोच. कोण ऐकणार? पोरीनं डोळ्यांनी पाहिलेलं! गावानं त्याच्याशी बोलणं टाकलं. त्याची होडी कुणीतरी कुऱ्हाडीनं फोडली. त्याची बायको पाण्याला शेजारच्या गावात जायची, हंडे घेऊन गोदाच्या दारावरून, खाली मान घालून. चौदाव्या दिवशी जिल्ह्याहून चौकशी अधिकारी बाई येणार होत्या. गोदा बोलली की तेजसकाका तुरुंगात. सरळ हिशेब.

त्याच संध्याकाळी सायलीआजी आली. ही बयची थोरली बहीण. पुण्याला राहायची आणि मानसशास्त्रज्ञ (माणसाचं मन कसं चालतं ते तपासणारी) होती. चाळीस वर्षं तिनं एकच गोष्ट तपासली होती, माणसाला आठवतं कसं. आणि स्वतः इतकी विसराळू की एक चप्पल निळी, एक काळी घालून आली होती.

"सायले, तुझी चप्पल," बय म्हणाली. बारा दिवसांत तिच्या तोंडून निघालेलं पहिलं साधं वाक्य ते.

"घरी असाच आणखी एक जोड आहे माझ्याकडे," सायलीआजी म्हणाली आणि बहिणीच्या गळ्यात पडली. दोघी खूप वेळ तशाच उभ्या राहिल्या. कसं झालं, हे मात्र तिनं विचारलं नाही. ती बसली, पाणी प्यायली, गोदाची वेणी नीट केली. विचारलं नाहीच.

न राहवून गोदाच म्हणाली, "आजी, तुला नको का ऐकायला?"

"नको बाळा. बेचाळीस वेळा सांगितलंयस म्हणे."

"त्रेचाळीस," पाणक्या म्हणाला.

गोदाला रडू फुटलं. "हा म्हणतो मी खोटी! सांग ना त्याला! मी पाहिलंय गं!"

सायलीआजीनं तिचे डोळे पुसले. मग म्हणाली, "एक खेळ खेळू. मी शब्द सांगते, तू नुसते ऐक. श्रेया, तूही ऐक. पाणक्या, तू नोंदव. मीठ. लाट. होडी. वाळू. जाळं. भरती. शिंपला. किनारा. मासळी. वल्हं."

मग तिनं गोदाला अंगणातली तुळशीची पानं मोजून यायला लावलं. गोदा आली तशी विचारलं, "सांग, मी 'वाळू' म्हणाले होते?"

"हो."

"'टेबल'?"

"छे!"

"'समुद्र'?"

"हो की."

"नक्की?"

"नक्की! तू म्हणालीस, माझ्या कानात आहे अजून."

"म्हणालीस तू, सायले," भिंतीकडून बय म्हणाली. "होडीनंतर."

सायलीआजीनं पाणक्याकडे पाहिलं. पाणक्यानं तिच्याच आवाजात दहाही शब्द ऐकवले. समुद्र त्यात नव्हता.

गोदा बघतच राहिली. (तुम्हीही आता वर जाऊन बघणार, मला ठाऊक आहे. बघा, मी थांबते.)

"तू खोटं बोललीस का?" सायलीआजीनं विचारलं.

"नाही!"

"नाहीच. बय बोलली?"

"नाही. पण मग समुद्र आला कुठून?"

"हां. आता विचारलास खरा प्रश्न." सायलीआजीनं पाय पसरले. "आठवणं म्हणजे तीन कामं असतात. पहिलं काम संकेतन (आत टिपून घेणं). डोळ्यांपुढे हजार गोष्टी असतात, पण सगळ्या आत जात नाहीत. जिच्यावर अवधान (लक्ष) असतं, ती जाते. दुसरं काम साठवण. तिसरं प्रत्यानयन (ठेवलेलं परत वर काढणं). पाणक्याचीही हीच तीन कामं. फरक कुठे आहे? तो ठेवतो तसंच्या तसं काढतो. माणूस अख्खं ठेवतच नाही. तुकडे ठेवतो. एखादा आवाज, एखादा रंग, पोटातली भीती. काढायची वेळ आली की त्या तुकड्यांतून नवं उभं करतो. मधे भोकं असली तर बुजवतो. मीठ, लाट, होडी हे तुकडे मिळाले, तर मन म्हणालं, इथे समुद्र असणारच. आणि 'असणारच'चं 'होता' करून टाकलं. तुला न विचारता. ह्याला पुनर्रचना (तुकड्यांतून पुन्हा बांधणं) म्हणतात."

गोदा नख कुरतडत होती. "पण एकदा बांधलं की मग तसंच राहतं ना?"

"आपला बांध किती जुना आहे गं?"

"बाबा म्हणायचे, दीडशे वर्षांचा."

"त्यात दीडशे वर्षांपूर्वीची माती किती असेल?"

गोदा विचारात पडली. दर उन्हाळ्यात घराघरातून एक माणूस बांधाच्या कामाला जायचा. मागच्या वर्षी बाबांबरोबर तीही गेली होती, डोक्यावर छोटं घमेलं घेऊन. खचलेली माती भिजवायची, आणि जवळपास जी मिळेल ती नवी माती वर थापायची. "फार नसेल," ती म्हणाली.

"तरी बांध तोच?"

"तोच."

"आठवण तशी. प्रत्येक वेळी सांगायला काढलीस की ती ओली होते. ओली असताना शेजारी जी माती पडलेली असेल, ती तिला लागते. कुणाचा प्रश्न, कुणाचा हुंदका, कुणाचं 'असं झालं असेल नाही?' मग ती वाळते. वाळल्यावर जुनी माती कुठली आणि आलेल्या बाईनं थापलेली कुठली, ते ज्याची आठवण आहे त्यालाही ओळखू येत नाही. मोठ्यांनाही नाही. मलाही नाही."

गोदानं पाणक्याकडे पाहिलं. तो कोपऱ्यात तांब्या धरून उभा होता. त्याच्या आत तिची हकिगत त्रेचाळीस वेळा होती, दर वेळी वेगळी. तिला एकदम त्याची भीती वाटली.

"पहिली ऐकव," ती म्हणाली.

पाणक्यानं ऐकवली. अपघाताच्या दिवशीची संध्याकाळ. बापाचा अजून शोध चालू होता. गोदाचाच आवाज, पण बारीक, थरथरणारा, आणि मध्ये मध्ये तुटणारा.

"बाबा खाली उतरले. मी खेकडा बघत होते. एक नांगी मोठी असलेला. मग ठण् वाजलं. मग कर्रर्र झालं. मी वळले तर पाणी होतं. बाबा नव्हते."

एवढंच होतं.

"खेकडा," गोदा पुटपुटली. तिला तो खेकडा आठवतच नव्हता. आणि ऐकल्याबरोबर आठवला. चिखलावर उभा, लाल नांगी वर करून खालीवर हलवणारा. "खेकडा कुठे गेला?"

"तिसऱ्या नोंदीनंतर नाही," पाणक्या म्हणाला आणि ती नोंद लावली. एका बाईचा आवाज आला, "अगं बाई! तिकडे बाप बुडतोय आणि तू खेकडे बघत होतीस?" मग गोदाचा आवाज, घाईघाईनं, "नाही, नाही. मी बाबांकडेच बघत होते."

सायलीआजीनं डोळे मिटून घेतले.

मग पाणक्यानं सहावी लावली. "केबिनमध्ये तेजस असणारच की गं?" "असणार." आठवीनंतर 'ठण्' गेलं, कारण त्याबद्दल कुणी विचारलंच नव्हतं. नववी. "लांबून पिवळा रेनकोट तरी दिसला असेल. तोच घालतो तो." "हो... पिवळं काहीतरी दिसलं." चौदावी. "बटणावर हात होता का त्याचा?" "होता."

मातीचा एकेक थर. गोदा ऐकत होती. कुणी तिला मुद्दाम शिकवलं नव्हतं. सगळी ओळखीची माणसं, सगळ्यांचे आवाज मऊ, सगळी तिच्या डोक्यावरून हात फिरवत बोलत होती. आणि तिकडे तेजसकाकाची होडी फुटली होती.

मग तिच्या मनात आलं ते तिनं ताबडतोब मागे ढकललं. पण ते परत आलं.

"पाणक्या," ती म्हणाली, "बाबांनी हात केला, ते कितव्यात आहे?"

"गोदा, राहू दे आज," सायलीआजी झटकन म्हणाली.

"कितव्यात?"

"एकोणिसाव्या नोंदीत पहिल्यांदा," पाणक्या म्हणाला. त्याला थांबायचं कळत नव्हतं.

खोलीत बयचा आवाज आला, सात दिवसांपूर्वीचा. "पोरी गो, खरं सांग. जाताना वळून बघितलं का गो माझ्या लेकानं? हात तरी केला का?"

मग काहीच नाही.

"अकरा सेकंद शांतता," पाणक्यानं सांगितलं.

मग गोदाचा आवाज. "केला."

"बंद कर ते डबडं!" बय ओरडली. ती भिंतीचा आधार घेत उभी राहिली होती.

दुसऱ्या दिवशी तेराव्याची माणसं येऊन गेली. सगळं आवरल्यावर बय गोदाजवळ येऊन बसली. गोदाला वाटलं ती रागावेल. बय रागावली नाही. ते जास्त वाईट होतं.

"गो," ती म्हणाली, "माझं म्हणणं ऐक. त्या तेजसचं राहू दे. रेनकोट नव्हता म्हण, बटण नव्हतं म्हण. पण तो हात एवढा राहू दे. कुणाचं काय जातंय? माझ्याकडे आता तेवढंच आहे."

"पण बय, तो खरा नाही."

"मला दिसतो तो. मी तिथे नव्हते, तरी मला दिसतो. रोज."

गोदालाही तो दिसत होता. पाण्याच्या आधी अर्धा क्षण, बाबा वळतात, हात वर करतात. रेनकोटाइतकाच स्वच्छ. तीच तर अडचण होती. दोन्ही सारखेच स्वच्छ होते.

चौदाव्या दिवशी शाळेच्या मोठ्या वर्गात चौकशी बसली. अख्खं गाव खिडक्यांना लोंबकळत होतं. तेजस ठाकूर एका कोपऱ्यात उभा होता, एकटा, त्याच्या आजूबाजूला हातभर जागा मोकळी सोडून माणसं बसली होती. आधीच चौघांनी उठून सांगितलं होतं की आम्हीही लांबून पिवळा रेनकोट पाहिला. त्यातला एक त्या दिवशी मुंबईत होता. बिचारा शपथेवर सांगत होता, आणि त्यालाही ते खरंच वाटत होतं.

अधिकारी बाईंनी गोदाला पुढे घेतलं. "घाबरू नकोस बाळ. केबिनमध्ये कोण होतं ते..."

"बाई, तसं विचारू नका," मागून सायलीआजी म्हणाली. "तुमच्या प्रश्नात उत्तर आहे. काय झालं ते सांग, एवढंच विचारा."

बाईंनी तिच्या वेगवेगळ्या चपलांकडे पाहिलं, मग तिच्या तोंडाकडे. "बरं. गोदा, काय झालं ते सांग."

पाणक्या कुईकुई करत पाणी घेऊन आला. ती प्यायली.

"मला केबिनमध्ये तेजसकाका दिसतात," ती म्हणाली. वर्गात कुजबुज झाली. "आत्ताही दिसतात. पण मी त्यांना पाहिलं नाही. मी केबिनकडे बघितलंच नव्हतं. मी खेकडा बघत होते." मग ते वाक्य एकदा बाहेर पडलं म्हणून तिला पुन्हा म्हणता आलं. "बाबा खाली होते आणि मी खेकडा बघत होते. मला आता काय आठवतं त्यावर जाऊ नका. पाणक्याकडे पहिली नोंद आहे. तेव्हा मला कुणी काही विचारलेलं नव्हतं. ती ऐका."

पाणक्यानं पहिली नोंद लावली. ती बारीक, तुटकी पोर पुन्हा बोलली. खिडकीत कुणी खोकलंसुद्धा नाही.

अधिकारी बाईंनी मान वर केली. "ठण् वाजलं? मिस्त्री, बटण दाबल्यावर ठण् वाजतं का?"

"नाही बाई," उघाडीचा मिस्त्री म्हणाला. "नुसतं कर्रर्र. ठण् म्हणजे..." तो थांबला. त्याचं तोंड पांढरं पडलं. "ठण् म्हणजे लोखंड तुटलं तर."

सगळे तसेच उठून बांधावर गेले. खटका अर्धा जागेवर होता, अर्धा चिखलात. आतून मिठानं खाल्लेला, बिस्किटासारखा भुसभुशीत. तुटला तसं वजन खाली गेलं होतं आणि दार वर. बटण कुणी दाबलंच नव्हतं. त्या दिवशी गावानं दार दोरांनी खाली ओढून बांधलं होतं, आणि बटण कुणी दाबलं ते ठाऊकच होतं, मग खटका कोण बघतो? तो 'ठण्' तेरा दिवस पाणक्याच्या पोटात पडून होता. गोदाच्या डोक्यातून मात्र आठव्या सांगण्यालाच गळून गेला होता.

परत फिरताना गर्दीतून कुणीतरी विचारलं, "मग अर्णवनं हात केला, ते तरी खरं ना गं?"

गोदानं बयकडे बघितलं. बय बांधावर उभी होती, पदर वाऱ्यानं फडफडत होता. नुसतं "हो" म्हटलं असतं तरी चाललं असतं. तेजसकाका सुटलेच होते.

"मला माहीत नाही," गोदा म्हणाली. "मी बघत नव्हते."

बय वळली आणि एकटीच घरी गेली.

त्यानंतर आठ दिवस ती गोदाशी बोलली नाही. जेवायला वाढायची, वेणी घालायची, पण तोंडातून शब्द नाही. सायलीआजी दोघींच्या मध्ये बसून राहायची. गोदानं तिला विचारलं, "आजी, मी चुकले का? हात राहू दिला असता तर?"

"मला नाही ठाऊक," सायलीआजी म्हणाली. "चाळीस वर्षं तपासून एवढंच कळलंय की मन भोकं बुजवतं, कारण भोकाशेजारी बसवत नाही त्याला. तू बसतेयस. मोठमोठ्यांना जमत नाही."

नवव्या दिवशी सकाळी दारात तेजस ठाकूर उभा राहिला. अंगात तोच पिवळा रेनकोट. गोदा आतल्या खोलीत पळाली आणि दाराच्या फटीतून बघायला लागली. तेजस चटईवर बसला. कसं झालं, हे त्यानं विचारलं नाही. तो म्हणाला, "श्रेयाकाकू, मी उघाडी सोडून जायला नको होतं. मी इथे असतो तर 'ठण्' ऐकून वजनाला साखळी तरी लावली असती. ते माझ्याकडेच राहील."

बय भिंतीला टेकून ऐकत होती.

"त्या दिवशी मला अर्णव बांधावर भेटला होता. मी तिकडे निघालो होतो, तो इकडे येत होता. पोर पुढे पळत होती. बेसूर शीळ घालत होता नेहमीसारखी. मी म्हटलं, पोरीला कशाला आणलंस चिखलात? तर म्हणाला, तिला खेकडे दाखवायचेत रे, मोठ्या नांगीचे. आज भरपूर निघालेत." त्यानं आतल्या दाराकडे पाहिलं. "तिनं खेकडाच बघावा म्हणून तर त्यानं आणलं होतं काकू. पोरीला एवढं सांगायला आलो."

दाराआड गोदा खाली बसली. मग इतके दिवस अडकलेलं रडू आलं, मोठ्यानं, घरभर.

पाणक्या तांब्या घेऊन निघाला होता. बयनं तो त्याच्या हातातून काढून घेतला आणि स्वतः तेजसला पाणी दिलं. मग आत आली, गोदाजवळ खाली बसली आणि म्हणाली, "केवढा होता गो तो खेकडा?"

"एवढा," गोदानं हात करून दाखवला.

सोनखारमध्ये आता काही गोष्टी बदलल्यात. वजनाला साखळी आलीय, खटका दर महिन्याला तपासतात. कुठे अपघात झाला तर आधी पाणक्याला पाठवतात; तो "काय झालं ते सांगा" एवढं एकदाच विचारतो आणि गप्प राहतो. गोदा सुट्टीत पुण्याला जाते, सायलीआजीच्या प्रयोगशाळेत लहान मुलांना शब्दांचे खेळ खेळायला लावते. पोरांना प्रश्न कसे विचारायचे, म्हणजे त्यांच्या आठवणीला आपली माती लागणार नाही, ह्याचे नियम ती लिहितेय. आणि समाचाराला आलेली माणसं चटईवर बसली की आता कसं झालं, असं विचारत नाहीत. "कसा होता गं?" विचारतात. मग बय सांगते, तो किती बेसूर शीळ घालायचा ते. लहानपणापासून. अख्खं गाव हसतं.

झाली गोष्ट. शब्द न् शब्द खरी.

काय? असे काय बघताय माझ्या तोंडाकडे?

बरं, बरं. चारातला एक दात पडला असं समजा. ती शीळ माझी. अर्णव शीळ घालायचा की नाही, मला काही ठाऊक नाही. पोरीला आणि बयला इतक्या लांबून रिकाम्या हातानं घरी पाठवायचं माझ्या जिवावर आलं, म्हणून घातली. खेकडा खरा आहे, तीन दातांची शपथ. पण शीळ काढून टाका, ती नव्हती.

काढा बघू. बांधावरून एक माणूस येतोय, पोर पुढे पळतेय. ऐकू येतेय ना अजून?